टाचणीएवढा उजेड

मी एक पिशवी आहे, आणि मला उजेडाची भीती वाटते.

बाजारात न्यायची पिशवी नव्हे. मला दोन बाह्या आहेत, त्यांच्या टोकांना घट्ट इलॅस्टिक आहे आणि पोटावर एक चेन आहे. लांबून पाहाल तर डोकं नसलेला काळा सदरा वाटेल. फोटोची फिल्म अंधारातच उघडावी लागते. ज्याच्या घरी अंधारी खोली नसते, तो माणूस फिल्म, कात्री आणि फिल्म धुवायची डबी माझ्या पोटात ठेवतो, चेन लावतो, बाह्यांतून हात आत घालतो आणि डोळ्यांनी भिंतीकडे बघत बोटांनी काम करतो. बाहेर भर दुपार, आत मिट्ट काळोख. तो काळोख सांभाळणं एवढंच माझं काम. ते मला जमलं नाही, त्याची ही हकिकत.

मला ताईने शिवलं. ताई म्हणजे माझ्या मालकाची थोरली बहीण. ती पडदे शिवते. घरांचे नव्हे, नाट्यगृहांचे. स्टेजच्या मागचे ते जाड काळे पडदे, ज्यांच्यातून दिव्याची तिरीपही पलीकडे जाता कामा नये. तसल्याच एका पडद्याचा तुकडा उरला होता. धाकटा भाऊ तिच्या कारखान्याच्या दारात उभा राहून चाचरत म्हणाला, “ताई, मला एक पिशवी हवीय. पण काळी हवी. म्हणजे, आतून काळी.”

“आतून काळी? पिशवी शिवू की माणूस?” ताई म्हणाली. पण हातातलं काम बाजूला ठेवून तिने कापड ओढलं. एका पदराने भागणार नाही हे तिचं तिलाच कळलं. तिने मला दोन पदर लावले, शिवणी दोनदा मारल्या आणि मला भावाच्या अंगावर फेकून म्हणाली, “घे. फाटली तर मला सांग, दुसऱ्या कुणाकडे नेऊ नकोस.”

माझा मालक लिफ्टचा मेकॅनिक. चाळिशीचा, एकटा राहणारा, बोलायला कमी. दिवसभर तो इमारतींच्या पोटात तारांवर आणि चाकांवर काम करतो. त्याच्या नखांत ग्रीस असतं, पण फिल्मला हात लावण्याआधी तो साबणाने कोपरापर्यंत हात धुतो, डॉक्टर धुतात तसे. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून तो मला त्यावर पसरतो. त्याचे हात माझ्यात आले की मला बरं वाटायचं. ते हात कधी घाई करत नसत. फिल्मच्या कडेला बोट लावून, ती गुंडाळायच्या चकरीच्या खाचेत हलकेच सरकवायची, मग चकरी डबीत, डबीवर झाकण. झाकण लागल्याचा आवाज आला की मी सुटले.

छंद नवा होता, त्यामुळे त्याला सगळंच करून बघायचं होतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून तो जुने कॅमेरे आणायचा. पहिला विटेसारखा जड. दुसरा घडीचा, पुढून कातडी भाता बाहेर येणारा. तिसरा खेळण्यातला वाटावा असा प्लास्टिकचा. फिल्मही तशाच नाना तऱ्हेच्या. भरपूर ऊन मागणारी मंद फिल्म, घरातल्या दिव्यावरही चालणारी तेज फिल्म, मुदत संपून वीस वर्षं झालेली एक, सिनेमाच्या रिळातून कापलेली एक. प्रत्येकीबद्दल तो वहीत लिहायचा: कोणता कॅमेरा, कोणती फिल्म, पाणी किती गरम, किती मिनिटं. फोटो कसले म्हणाल तर लिफ्टची दारं, जिने, वर ओढलेल्या तारा. माणूस क्वचितच. माणसांना “जरा थांबा” म्हणायला तो लाजायचा.

मला इजा झाली ती त्या वीस वर्षांच्या फिल्मपायी. ती आपल्या मूळ डबीत इतकी वर्षं गुंडाळून राहिली होती की कापल्याबरोबर स्प्रिंगसारखी उसळली. त्याने दचकून दोन्ही हातांनी तिला आवरलं आणि उघडी कात्री कोपराने बाजूला ढकलली. कात्रीचं टोक माझ्या आतल्या पदरातून शिरलं आणि बाहेरच्यातून निघालं. डाव्या बाहीच्या जरा वर. टाचणीच्या टोकाएवढं भोक.

त्याला कळलंही नाही. मला मात्र कळलं, कारण त्या क्षणी माझ्या पोटात उजेड आला. एक सुई. बारीक, पांढरी, सरळ.

मी आतून थिजले. त्याने हात हलवला, माझे पदर एकमेकांवरून सरकले, दोन भोकं समोरासमोरून हटली आणि सुई नाहीशी झाली. मला वाटलं, भास असेल. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली.

तेव्हापासून माझा काळोख माझ्या हातात राहिला नाही. पदर कसे पडतील ते मला ठरवता येत नव्हतं. कधी भोकावर भोक यायचं, कधी नाही. एखादा रोल स्वच्छ निघायचा आणि तो शीळ घालत निगेटिव्ह वाळत टाकायचा. दुसऱ्या रोलवर धुकं उतरलेलं असायचं, काळे डाग आणि त्यांच्याभोवती धुरकट वलय. तो निगेटिव्ह खिडकीशी धरून उभा राहायचा, आणि घडी घालून फळीवर ठेवलेली मी मनात म्हणायचे, आता वळेल, आता माझ्याकडे बघेल. मला पकडलं जाण्याची भीती वाटायची, आणि पकडलं न जाण्याची त्याहून जास्त.

तो कॅमेरा घेऊन म्हाताऱ्याकडे गेला. मला तो नेहमी सामानाबरोबर न्यायचा, वाटेत फिल्म अडकलीच तर असावी म्हणून. म्हाताऱ्याने भिंगातून डाग पाहिले.

“कॅमेऱ्यात उजेड शिरतोय,” तो म्हणाला. “मागच्या दाराची पट्टी गेली असेल.”

“पट्टी बदलली काका.”

“मग फिल्म जुनी.”

“नवीनवरही येतंय.”

“मग तुमच्या घरचं पाणी!” म्हातारा वैतागून म्हणाला. “लिफ्ट बिघडली की मी तुम्हाला इतके प्रश्न विचारतो का?”

तो घरी आला आणि कामावरच्या शिस्तीने शोधाला लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे बिघाड कुठे आहे ते कळतं. त्याने कॅमेरा बदलला. फिल्म बदलली. मग फिल्म धुवायचं औषध, मग पाणी, मग थर्मामीटर. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोक आहे का हे बघायला पडदे ओढून त्याने आत टॉर्च लावला आणि तासभर त्या भात्याचा कोपरान् कोपरा तपासला. इतक्या बारकाईने भोकं शोधणारा माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. सहा महिने त्याने सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावर एकदाही नाही.

शेवटी त्याने वहीत लिहिलं, तेज फिल्मवर धुकं जास्त, मंद फिल्मवर कमी. ते खरंच होतं. तेज फिल्मला उजेडाचा थेंबही पुरतो. पण त्याने त्यावरून फिल्मलाच दोष दिला.

अशात ताईच्या कानाखाली गाठ निघाली.

गाठ काढावीच लागणार होती. चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जाते म्हणे. ती वाचली तर ठीक, नाही तर डावी बाजू लोंबणार. हे ताईनेच त्याला मशीनचं चाक फिरवता फिरवता सांगितलं, पडद्याचं माप सांगावं तसं. मी त्याच्या सामानात होते.

“मंगळवारी ऑपरेशन. तू रविवारी ये आणि माझे फोटो काढ,” ती म्हणाली.

“तुझे? तू तर कॅमेरा दिसला की पळतेस.”

“आता कुठे पळू? मी हसते तसे काढ. नंतर मला माझं हसू बघावंसं वाटलं, तर कुठून आणू?”

 मशीन थांबलं होतं.

रविवारी सकाळी तो तिन्हींतला सर्वांत भरवशाचा, विटेसारखा कॅमेरा घेऊन गेला. कारखान्यात उजेड कमी. काळ्या पडद्यांचे ढीग सगळा उजेड पिऊन टाकत होते. म्हणून त्याने तेज फिल्म भरली. फिल्म किती तेज ते सांगणारा खोक्यावरचा आकडा त्याने मोठ्याने वाचला आणि माझ्या शिवणी गार पडल्या.

सामान काढताना त्याने मला मशीनवर ठेवलं. ताईने मला उचललं. “अजून धरून आहे का गं?” असं माझ्याशीच बोलत तिने शिवणींवरून अंगठा फिरवला. वरची शिवण, चेनची शिवण, डाव्या बाहीची शिवण. अंगठा भोकापासून बोटभर अंतरावर आला. माझ्या अंगात शक्ती असती तर मी ते भोक तिच्या अंगठ्याखाली सरकवलं असतं. तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, इकडे बघ.” तिने मला खाली ठेवलं.

पहिले चार-पाच फोटो तिने चिडूनच दिले. ओठांत टाचण्या धरलेल्या, भुवया वर. “अशी काय बघतेस?” “मग कशी बघू? तू सांग ना, तुझंच काम आहे!” हसू काही येईना. हसायचं आहे हे माहीत असलं की कुणाला हसू येतं?

मग तो एरवी कधी सांगत नाही ते सांगायला लागला. “परवा एका ऑफिसातून फोन. साहेब लिफ्टमध्ये अडकलेत, अर्धा तास झाला. धावत गेलो. दार उघडलं. साहेब घामाघूम. मला विचारतात, कितवा मजला आला? म्हटलं, तोच. लिफ्ट बिघडलीच नव्हती. साहेबांनी बटणच दाबलं नव्हतं!”

ताईच्या तोंडातल्या टाचण्या उडाल्या. ती मशीनवर हात आपटून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तो खटाखट बटण दाबत राहिला. रोल संपला तरी ती हसतच होती. मग एकदम थांबली आणि म्हणाली, “भीती वाटतेय रे मला.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मी बंद डोळ्यांनी पडून असल्यासारखी पडून राहिले.

त्या दुपारी एक लिफ्ट बिघडल्याचा फोन आला आणि सोमवारीही त्याला कामावरून फुरसत मिळाली नाही. मंगळवारी सकाळी ताईला आत नेलं. चार-पाच तास लागतील म्हणाले. हॉस्पिटलच्या बाकावर त्याचे पाय सारखे हलत होते. तेव्हा ताईची मुलगी त्याला म्हणाली, “मामा, तू घरी जा. हातांना काम दे. मी फोन करते ना.”

म्हणून त्या दुपारी टेबल पुसलं गेलं. मी पसरली गेले. चेन लागली. त्याचे हात आत आले, आणि मला कळलं की हे रोजचे हात नाहीत. तळव्यांना घाम होता.

मी पदरांकडे लक्ष लावलं. सुई नव्हती. भोकं एकमेकांपासून हटलेली होती. असंच राहू दे, मी म्हणत होते, फक्त पाच मिनिटं, असंच राहू दे.

त्याने फिल्म कापली. पहिले फोटो चकरीच्या पोटात गेले, म्हणजे टाचण्यांचे, चिडलेले. मग घामाने फिल्म चिकटली. त्याने ती मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा चिकटली. माझ्या आतली हवा दमट झाली होती. तो ओठांतल्या ओठांत “चल, चल” म्हणत होता. त्याने कोपर वळवलं आणि माझे पदर सरकले.

सुई आली.

आणि तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला.

तो फोनकडे बघत राहिला. हात बाहेर काढले तर बाह्यांतून उजेड शिरून सगळंच जाणार, हे त्याला माहीत होतं. फोन वाजत होता. शेवटी तो वाकला आणि नाकाने पडद्यावरचं बटण सरकवलं, मग नाकानेच स्पीकर लावला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आलं असतं.

“मामा? बाहेर आणलं तिला. शुद्धीवर येतेय.” तिने नाक ओढलं. “गाठ पूर्ण निघाली. पण नस नाही वाचली. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न केला.”

“बरं,” तो म्हणाला.

“तू येतोस ना?”

“येतो. हात अडकलेत. येतो.”

फोन बंद झाला. त्याचे हात माझ्या पोटात थांबले. एका हातात चकरी, दुसऱ्या हातात लोंबणारी फिल्म. बोटं हलेनात. तो रडत नव्हता, भिंतीकडे बघत होता. बाहेर सूर्य सरकत होता. उन्हाचा चौकोन टेबलाच्या कडेवरून आत आला, माझ्या बाहीवर चढला, आणि सुई जाडी झाली. ती सरळ फिल्मवर पडली होती. त्या फिल्मवर ताई हसत होती. मला ती दिसत नव्हती, फिल्म धुतल्याशिवाय कुणालाच दिसत नाही, पण मला माहीत होतं ती तिथे आहे.

हल, मी त्याला म्हणत होते. एक बोट हलव. एक कोपर. खोक, शिंक, टेबलाला गुडघा लागू दे. माझा मालक एवढ्या शांतपणे कधी बसला नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या आयुष्यात मी त्याहून जास्त कधी घाबरले नाही, आणि त्या घाबरण्याचा काडीइतका उपयोग झाला नाही.

मग त्याने खोल श्वास घेतला, उरलेली फिल्म सरळ सरकवली आणि झाकण लावलं.

त्याने फिल्म धुतली. निगेटिव्ह खिडकीशी धरला. मी टेबलावरूनच त्याची पाठ पाहिली. ती पाठ हळूहळू वाकली.

दहा दिवसांनी ताई घरी आली. डोळ्यावर पट्टी होती, कारण डावा डोळा मिटत नव्हता. तोंडाची डावी बाजू खाली ओढलेली, आणि “प” आणि “ब” म्हणताना ओठ जुळत नसत. तो तिला भेटायला गेला, तेव्हा सामान घेऊन आत जावं की बाहेर ठेवावं, हे त्याला ठरवता येईना.

“फोटो?” तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

“ताई, रोल खराब निघाला.”

“दाखव.”

“नको. फिल्मच वाईट होती. मी आधीपासून...”

“दाखव म्हणते ना.”

त्याने निगेटिव्हच्या पट्ट्या दिल्या. तिने त्या एकामागोमाग दिव्यासमोर धरल्या आणि एका डोळ्याने बघत राहिली. बराच वेळ. मग नखाने एकेका डागावर टकटक केलं.

“हे डाग ठराविक अंतरावर आहेत. इकडे गडद, पुढे फिकट, आणखी पुढे अगदीच फिकट, मग काहीच नाही.” तिने वर पाहिलं. “कापडाच्या ताग्यात खिळा घुसला ना, की तागा उलगडल्यावर भोकं अशीच निघतात. बाहेर मोठी, आत लहान. हे गुंडाळलेलं असताना बाहेरून काहीतरी घुसलंय. गुंडाळतोस कशात तू?”

त्याने खाली मांडीवर पाहिलं.

“पिशवी दे माझी.”

मी त्याच्या मांडीवर होते. त्याने मला दिलं नाही, तिनेच ओढून घेतलं. माझी चेन उघडली, पेटता दिवा जवळ ओढला, मला त्यावर ताणून धरलं आणि पदर बोटांनी इकडे तिकडे सरकवले. डाव्या बाहीपाशी तिचं बोट थांबलं. दोन भोकं जुळली. उजेडाचा तो ठिपका तिच्या गालावर पडला, त्या न हलणाऱ्या गालावर. आता मला फेकणार, फाडणार, चिंध्या करणार, असं मला वाटलं. खरं सांगते, मला हायसंही वाटलं.

“कात्री लागलीय,” ती म्हणाली. “कधीची?”

“मला माहीतच नाही ताई.”

“सहा महिने कॅमेरे बदललेस. फिल्म बदलल्यास. त्या म्हाताऱ्याशी भांडलास. ही एकदा उजेडात धरून बघावीशी वाटली नाही?”

“ती तू शिवली होतीस.”

 ताई मला हातात घेऊन बसली. तो मात्र आता रडत होता, तोंडावर ग्रीसचे हात घेऊन. “तू एक गोष्ट मागितलीस,” तो म्हणत होता, “एकच.”

“मी शिवलं म्हणजे काय त्याला भोक पडत नाही का रे, वेड्या?” ती म्हणाली. ते शब्द ओठांतून नीट निघाले नाहीत. तिने ते पुन्हा एकदा, सावकाश म्हटले. मग मुलीला सुई-दोरा आणायला सांगितला आणि एका डोळ्याने मला दोन्ही बाजूंनी ठिगळं लावली. टाके वाकडे पडले. तिने उसवले, परत घातले.

“रोल आहे का तुझ्याकडे?”

“आहे. मंद फिल्म आहे. खिडकीत बसावं लागेल. पण ताई, आत्ता नको. बरं वाटू दे.”

“हे असंच राहणार आहे. डॉक्टरांनी मला सांगितलंय, तुला सांगितलं नसेल.” ती उठून खिडकीत बसली. हात मांडीवर घट्ट एकमेकांत धरलेले. “लवकर काढ. मला परत भीती वाटायला लागलीय, मग मी उठून जाईन.”

त्याने काढले. लिफ्टची गोष्ट सांगितली नाही. ती हसली नाही, हसायचा प्रयत्नही केला नाही. तिने सरळ कॅमेऱ्यात बघितलं, आणि बटण दाबताना पहिल्यांदाच तो तिला “जरा थांब” म्हणाला.

तो रोल माझ्यातच उघडला गेला. सबंध वेळ मी सुईची वाट बघत होते. सुई आली नाही. फोटो स्वच्छ निघाले. ताईने त्यातला एक मशीनसमोर लावला आहे, आणि पहिल्या रोलमधला टाचण्यांचा, चिडलेला त्याच्या शेजारी. हसरा एकही वाचला नाही. ती जागा रिकामीच राहिली, आणि ती माझ्यामुळे रिकामी राहिली, हे मी विसरत नाही.

आज मी तीन वर्षांची आहे. कापड विटलंय, इलॅस्टिक सैल होतंय, दोन ठिगळं अंगावर आहेत. तो नवी पिशवी घेऊ शकतो, पण घेत नाही. मात्र आता प्रत्येक रोलच्या आधी तो खिडकीत भर उन्हात उभा राहतो, माझी चेन उघडतो आणि आपलं डोकं माझ्यात घालतो. शेजारचे लोक हसत असतील. तो चेनच्या कडा गळ्याशी आवळून धरतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबतो. त्याचा श्वास गरम लागतो. मग तो माझा एकेक कोपरा बघत जातो, सावकाश, काहीच गृहीत न धरता.

दर वेळी मी घाबरते. कुठे नवीन भोक पडलं असेल, मला न कळता. पण तुमच्याकडेही कुणी जिवलगाने करून दिलेली एखादी वस्तू असेल, तर तिच्या वतीनेही सांगते: तिला उजेडात धरून बघा. तिचा त्यात अपमान नाही. तो माझ्या पोटात डोळे फाडून बघत असतो, तेव्हा मी त्याला एवढंच म्हणते: शोध रे बाबा, घाई करू नकोस, नीट शोध.